राखणदाराचं तोंड दाबू नका!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण पावसाळा लागला की आपल्या हदगाव तालुक्यात घरटी एक माणूस तापानं फणफणलेला असतो, आणि त्यावर दोन ओळीत लिहून भागत नाही. चहा घेऊन बसा. वाचून झाल्यावर कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर मलाही द्या, कारण या प्रकरणात मीही आरोपी आहे. कसा, ते पुढं येईल.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची लातूरला नीटची तयारी करते. चार दिवसांच्या सुट्टीत गावाकडं आली आणि दुसऱ्याच दिवशी हुडहुडी भरून ताप आला. ताई तिला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. गाव आणि दवाखाना कोणता ते लिहिणार नाही, कारण ही एका दवाखान्याची गोष्टच नाही. तिथं तेच झालं जे आपल्याकडं सगळीकडं होतं. जीभ बघितली, तीन सुया दिल्या, एक सलाईन लावली आणि रक्त तपासायला लॅबवर पाठवलं. अर्ध्या तासात चिठ्ठी हातात: विडाल पॉझिटिव्ह. "टायफाईड आहे, पाच दिवस सुया घ्याव्या लागतील." संध्याकाळी ताप उतरला, पोरीनं अर्धी भाकर खाल्ली. ताई फोनवर मला म्हणाली, "डॉक्टरच्या हाताला गुण आहे बघ."

सकाळी पुन्हा ताप, पुन्हा सुया. संध्याकाळी उतार. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ताप नव्हता, पण पोरगी उठेना. हातपाय गार, श्वास जोरात, बोलणं बरळल्यासारखं. रात्री गाडी करून साठ-सत्तर किलोमीटर नांदेड गाठलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "आधी काय काय दिलंय?" ताई शहाणी, रिकाम्या कुप्या पिशवीत ठेवल्या होत्या. एक अँटिबायोटिक, एक अंगदुखीची, आणि तिसरी डेक्सामेथासोन. म्हणजे स्टिरॉइड.

रक्त आणि लघवी कल्चरला गेली. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला. टायफाईड नव्हताच. मूत्रपिंडातून रक्तात उतरलेला ई-कोलाय नावाचा जिवाणू होता, आणि पाच दिवस टोचलेलं अँटिबायोटिक त्याच्यावर चालतच नव्हतं. अकरा दिवस ती तिथं होती. वाचली. पैसा किती गेला ते सोडा. पण कॉटवर पडल्या पडल्या ती मला जे म्हणाली ते डोक्यातून जात नाही. "मामा, आमच्या बारावीच्या पुस्तकात लिहिलंय की टायफाईडची खात्री विडाल टेस्टनं होते. पेपरात हेच उत्तर बरोबर धरतात." पेपरात मार्क मिळवून देणारं उत्तर तिच्या स्वतःच्या रक्तात चुकलं होतं!

तेव्हापासून मी हा विषय वाचतोय. डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, डॉक्टरकीचा नाही. पण जे कळलं ते प्रत्येक घरात पोचलं पाहिजे, म्हणून लिहितोय.

मुळात ताप का येतो?

आपल्याकडं हरभरा फुलावर आला की रात्री शेतात जागल करावी लागते, रानडुकरं येतात. राखणदार प्रत्येक डुकराला ओळखत नसतो. त्याला डुकराचं पाऊल कळतं, घुरघुर कळते, वास कळतो. तेवढ्यावर तो आरडाओरडा करतो. आपल्या शरीरात जन्मापासून असाच राखणदार बसलेला आहे. कोणत्या जिवाणूनं हल्ला केला हे त्याला कळायची गरज नाही. जिवाणूच्या अंगावरची काही ठरावीक खूण तो ओळखतो.

कोणती खूण? ई-कोलाय, टायफाईडचा साल्मोनेला अशा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, सोयीसाठी एलपीएस म्हणू. एका ई-कोलायच्या अंगावर असे दहा लाखांच्या आसपास रेणू असतात. तो माणसाच्या शरीरात कुठंच बनत नाही, म्हणून तो दिसला की परका आला हे नक्की. काही जिवाणूंच्या पोहायच्या शेपटीत फ्लॅजेलिन असतं, बहुतेकांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन असतं. त्यांच्यासाठी आपल्या पेशींवर आणि पेशींच्या आत वेगवेगळे ग्राहक बसवलेले आहेत. यातल्या एका मोठ्या गटाचं नाव 'टोल-लाइक रिसेप्टर'. टोल म्हटलं की आपल्याला नाकाच आठवतो, पण जर्मन भाषेत टोल म्हणजे 'भन्नाट'. एलपीएस ओळखणारा तो चार नंबरचा, टीएलआर-४. शेपटी ओळखणारा पाच नंबरचा.

डुकरानं पाऊल बदलायचं म्हटलं तर बदलता येईल का? जिवाणूचंही तसंच. भिंत, आवरण, शेपटी यांच्यावर त्याचं जगणं चालतं, ती टाकून देणं सहजी जमत नाही. म्हणून निसर्गानं नेमकी हीच खूण ओळखीला निवडली.

खूण पटली की पेशी निरोप धाडतात. ते निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू शरीराचा पारा वर चढवतो. हुडहुडी, अंगदुखी, भूक मरणं, सगळं त्याच आरड्याओरड्याचा भाग. ताप म्हणजे राखणदाराची हाळी. डुक्कर वेगळं, हाळी वेगळी.

हे आजचं ज्ञान नाही. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं की पटकीचे मेलेले जिवाणूसुद्धा प्राण्याला मारू शकतात, म्हणजे विष त्यांच्या अंगातच आहे. आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यात जिवंत जंतू नव्हते, उष्णता देऊन मारलेले होते. तरी त्याला ताप भरला. का? जंतू मेले तरी त्यांच्या अंगावरची खूण उष्णतेनं जात नाही, आणि राखणदार खुणेवर ओरडतो. परळची हाफकिन संस्था त्याच माणसाच्या नावाची. कधी सलाईन लावल्यावर अर्ध्या तासात थंडी वाजून आलेली तुम्ही पाहिली असेल. बाटलीत किंवा नळीत मेलेल्या जिवाणूंचे तुकडे राहिले तरी हे होऊ शकतं. म्हणूनच कारखान्यात इंजेक्शनची औषधं या विषासाठी तपासून मगच बाहेर सोडायची असतात.

पण शरीराला ही खूण कळते कशी, याचं उत्तर मिळायला पुढं शंभर वर्षं गेली. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे या अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडलं की असे ग्राहक असलेच पाहिजेत. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेनं फळमाशीत 'टोल'चं काम दाखवलं. आणि १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं उंदरांची एक जात घेऊन कोडं सोडवलं. त्या दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. जेनवे २००३ मध्येच वारले होते.

आता त्या उंदरांचं नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या भांडणाचा मुद्दा तिथं आहे. हे उंदीर एलपीएसला दाद देत नाहीत. इतर उंदीर मरतील एवढं विष टोचा, यांना काही होत नाही. वाटेल, किती दणकट! पण साल्मोनेलाचे थोडेसे जिवंत जंतू सोडले की हेच उंदीर पटापट मरतात. त्यांच्या टीएलआर-४ च्या जनुकात बिघाड होता. राखणदार बहिरा होता. ओरड नाही, म्हणून त्रास नाही. आणि त्रास नाही, म्हणून डुकरांनी शेत साफ केलं.

माझ्या भाचीच्या पाच संध्याकाळी आठवा. ताप नाही, अंगदुखी नाही, भाकर खाल्ली, डॉक्टरच्या हाताला गुण. डेक्सामेथासोन नेमकं हेच करतं, पेशींमधून निघणारे ते निरोप दाबतं. जंतू मरत नाही, ओरडणारा गप्प होतो. वरून अँटिबायोटिक लागू पडलं तर निभावतं, आणि बहुतेक वेळा ताप विषाणूचा असतो, तो आपोआप उतरतो, म्हणून हा धंदा चालून जातो. पण शंभरातल्या ज्या एखाद्याला खरा जिवाणू रक्तात आहे आणि औषध चुकलंय, त्याचे हातातले दिवस आपण 'उतार पडला' म्हणत घालवतो.

स्टिरॉइड हे वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. कोविडमध्ये ऑक्सिजनवर गेलेल्या रुग्णांचे प्राण याच डेक्सानं वाचवले, २०२० मध्ये मोठ्या चाचणीत ते सिद्ध झालं. कधी कधी राखणदार एवढा भडकतो की डुकरामागं लागून शेतालाच आग लावतो, तेव्हा त्याला आवरावं लागतं. पण कधी आणि किती, हे तपासून ठरवायचं असतं. न तपासता, साखर न मोजता दिलं की काय होतं ते २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं महाराष्ट्राला दाखवलं. डोळे गेले, जबडे काढावे लागले. इतक्यात विसरलो?

आता विडाल. १८९६ ची ही टेस्ट. रक्तातल्या प्रतिपिंडांची ती तपासणी. तिच्या चिठ्ठीवर 'ओ' आणि 'एच' असे दोन आकडे असतात. 'ओ' म्हणजे त्याच एलपीएसविरुद्ध, 'एच' म्हणजे त्याच शेपटीविरुद्ध तयार झालेलं प्रतिपिंड. पण राखणदार ताबडतोब ओरडतो, प्रतिपिंडं मात्र बनायला आठवडाभर लागतो. मग तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल पॉझिटिव्ह आली तर ती कशाची? मागं कधी होऊन गेलेल्या टायफाईडची असेल, लसीची असेल, सारख्या खुणेच्या दुसऱ्या एखाद्या जिवाणूची असेल. आपल्याकडं विहिरीचं, टँकरचं, नळाचं पाणी पिऊन मोठं झालेल्या कितीतरी धडधाकट माणसांची विडाल आज केली तरी आकडा दिसेल. एकाच विडालवर टायफाईड ठरवू नये, खात्रीसाठी रक्ताचं कल्चर करावं, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, ही वैद्यकशास्त्रातली सर्वमान्य गोष्ट आहे. मी काही नवीन सांगत नाही.

आणि खरा टायफाईड कसा असतो? त्याचा जंतू लबाड. तो अंगावर 'व्ही-आय' नावाची झूल पांघरतो आणि एलपीएस झाकून घेतो. राखणदाराला पाऊल दिसत नाही. म्हणून टायफाईडचा ताप सहसा हळूहळू, पायरी पायरीनं चढतो. प्लेगचा जंतूही माणसाच्या अंगातल्या उबेत आपल्या एलपीएसची घडण बदलतो, म्हणजे तो ओळखू येऊ नये. लाखो वर्षं लपाछपी खेळत आलेले हे जंतू आहेत, आणि आपण अर्ध्या तासाच्या चिठ्ठीवर त्यांना पकडायला निघालोय!

आता माझा गुन्हा.

एक: त्याच पावसाळ्यात, भाची आजारी पडायच्या पंधरा दिवस आधी, मी बातमी दिली होती, 'तालुक्यात टायफाईडचं थैमान'. आधार काय? दोन-तीन लॅबवाल्यांनी सांगितलेले विडालचे आकडे. एकाही कल्चरची चौकशी केली नाही. त्या बातमीनं किती जणांना विडाल करायला पाठवलं असेल कोण जाणे. ताईनंही ती वाचली होती.

दोन: २०२० मध्ये मी जाहिराती मिळवल्या. काढा, चूर्ण, थेंब, 'इम्युनिटी वाढवा'. अर्ध्या पानाच्या. कमिशनवर घर चालतं, लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही, की बाबा, कोणती इम्युनिटी? राखणदाराचा आवाज वाढवायचा की त्याचे कान तिखट करायचे? सेप्सिसमध्ये माणूस मरतो तो बऱ्याचदा याच राखणदाराच्या बेभान प्रतिकारानं, रक्तदाब कोसळून, मूत्रपिंडं बंद पडून. प्रतिकारशक्ती म्हणजे विहिरीवरची मोटार नाही, की पाच एचपीच्या जागी साडेसातची बसवली आणि पाणी जास्त आलं. ती ओळखीची आणि प्रमाणाची व्यवस्था आहे. पोटभर जेवण, झोप, लसी, स्वच्छ पाणी, तंबाखू सोडणं यानं ती शाबूत राहते. हे फुकट आहे, म्हणून याची जाहिरात येत नाही. हळद-सुंठेचा काढा प्या, मीही पितो, घशाला बरं वाटतं. पण त्यानं राखणदार पैलवान होतो हे लिहून पैसे घेणं ही फसवणूक होती, आणि ती मी केली.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत.

"तू काय डॉक्टरांना शिकवतोस?" नाही. तालुक्यात अडल्या रात्री दार उघडणारे, पैसे नसताना तपासणारे डॉक्टर आहेत, त्यांना मी ओळखतो. त्यातल्याच एकानं मला सांगितलं, "सुई दिली नाही तर पेशंट म्हणतो, ह्याला काही येत नाही, आणि पलीकडच्या दारात जातो." खरं आहे ते. मागणारे आपणच आहोत. सुई म्हणजे इलाज, सलाईन म्हणजे ताकद, ही आपली समजूत. सलाईनच्या बाटलीत मीठ आणि पाणी असतं, फार तर साखर. तोंडानं पिता येत असेल तर मीठ-साखरेचं पाणी तेच काम करतं.

"गरिबाला मजुरी बुडवून चालत नाही, त्याला संध्याकाळपर्यंत उभं राहायचं असतं." हा आक्षेप सगळ्यात जड आहे, आणि यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही. सोयाबीन काढणीला आलंय आणि घरातला कर्ता माणूस पडलाय, त्याला मी 'आराम कर' कोणत्या तोंडानं सांगू? पण ताप आणि दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल आहे, दोन-चार रुपयांचं. ते मेंदूतला पारा उतरवतं, राखणदाराचे निरोप स्टिरॉइडसारखे बंद करत नाही. तेवढ्यानं बऱ्याच जणांचं भागतं. ज्याचं भागत नाही त्याला सुईपेक्षा तपासणीची गरज असते.

"अँटिबायोटिक दिलं तर बिघडलं काय?" विषाणूला ती भिंतच नसते जी पेनिसिलीनच्या जातीची औषधं पाडतात. मग विषाणूच्या तापात ते औषध पाडतं काय? आपल्या आतड्यातले उपयोगी जिवाणू पाडतं, आणि जे टिकतात ते निर्ढावतात. कोलिस्टिन नावाचं शेवटच्या फळीतलं औषध आहे, ते थेट त्या एलपीएसलाच जाऊन चिकटतं. जिवाणूंनी एलपीएस थोडं बदललं आणि त्यालाही दाद देईनासे झाले. कोंबड्यांच्या खाद्यातून ते सर्रास दिलं जायचं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. शेवटची काठी आपण कोंबड्यांवर मोडत होतो.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ आठवतंय? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. आम्ही पत्रकार धावलो. औषधं, कर्मचारी, अस्वच्छता, सगळ्यावर प्रश्न विचारले, ते विचारायलाच हवे होते, आणि उच्च न्यायालयानंही स्वतःहून दखल घेतली. रुग्णालयाकडून तेव्हा असंही सांगितलं गेलं की लांबून, अगदी गंभीर झाल्यावर आणलेले रुग्ण बरेच होते. त्या मृत्यूंची कारणं वेगवेगळी होती, मी ती एका पोत्यात भरत नाही, आणि सरकारची जबाबदारीही कमी करत नाही. पण एक प्रश्न आम्ही तेव्हा विचारला नाही: नांदेडला पोचण्याआधीचे दिवस कुठं जातात? माझ्या भाचीचे पाच दिवस कुठं गेले ते मला माहीत आहे.

म्हणून मागण्या. मोघम नाही, मोजून चार:

१. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या हव्यात. कल्चर तिथंच करा असं म्हणत नाही. पहिल्या अँटिबायोटिकआधी रक्त घ्या आणि नांदेडला पाठवा. रोज गाड्या जातात.

२. मार्च २०१४ पासून देशात 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स विकताना मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. अन्न व औषध प्रशासनानं आपल्या तालुक्यातल्या वह्या तपासाव्यात आणि काय आढळलं ते जाहीर करावं. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय.

३. डॉक्टर मंडळींच्या तालुका संघटनेनं एवढंच ठरवावं: जी सुई टोचली तिचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. ताईनं कुप्या जपून ठेवल्या नसत्या तर नांदेडच्या डॉक्टरांनी अंधारात चाचपडायचं का?

४. ही मागणी माझ्याकडून माझ्याकडं. इम्युनिटीची जाहिरात आणणार नाही, आणि कल्चरशिवाय 'टायफाईडची साथ' अशी बातमी देणार नाही. दिली तर याच पोस्टचा स्क्रीनशॉट माझ्या तोंडावर मारा.

आणि घरोघरीच्या आया-बहिणींना विनंती. ताप तीन दिवसांवर गेला, किंवा ताप उतरला तरी माणूस सुस्त पडला, हातपाय गार, श्वास जोरात, लघवी कमी, बोलण्यात फरक, लहान बाळ दूध ओढेना, तर सुईची वाट बघू नका, मोठ्या दवाखान्यात चला. ताप नाही म्हणून आजार नाही असं समजू नका. बाळ आणि म्हातारं माणूस तापाऐवजी गारही पडतं.

भाची पुन्हा लातूरला गेली. परवा फोनवर म्हणाली, "मामा, टेस्ट सिरीजमध्ये विडालचा प्रश्न आला होता." मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, "पुस्तकातलंच लिहिलं. चार मार्क आहेत."

तिला तेच लिहावं लागेल. आपल्याला तसं काही बंधन नाही. जागलीवरचा माणूस रात्री ओरडला तर आपण बॅटरी घेऊन बांधावर जातो, त्याच्या तोंडात बोळा कोंबत नाही. मग अंगातला राखणदार ओरडला की एवढं तरी विचारू या: डॉक्टर, कोण आलंय? आणि ह्या तीन सुयांची नावं काय?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो. लॅबवाले आणि मेडिकलवाले मित्रहो, तुम्हीही लिहा, तुमची बाजू जशीच्या तशी इथंच टाकीन.